शब्दचर्चा : 'न्यूरोडायव्हर्सिटी'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : ज्यांच्या नायकाला डिस्लेक्सिया (वाचन-लेखन अवघड जाणं) किंवा एडीएचडी (लक्ष टिकवणं, स्वस्थ बसणं अवघड जाणं) आहे अशा, मुलांसाठीच्या अद्भुतकथांवर लिहिते आहे. माणसांचे मेंदू वेगवेगळ्या तऱ्हेने चालतात, या अर्थाच्या 'न्यूरोडायव्हर्सिटी'साठी मज्जावैविध्य, मेंदूवैविध्य, चेताविविधता यांपैकी काय वापरावं?

उत्तर : माझं मत 'चेताविविधता'ला. चेतासंस्था, चेतापेशी हे शब्द मुलांना विज्ञानाच्या पुस्तकातून ओळखीचे असतात; 'मज्जा' म्हटलं की हाडांतली मज्जा आठवते. शिवाय मूळ शब्द 'बायोडायव्हर्सिटी'च्या धर्तीवरचा आहे, आणि 'जैवविविधता' आपल्याकडे केव्हाच रुळली. १९९८ साली ऑस्ट्रेलियन समाजशास्त्रज्ञ ज्युडी सिंगर यांच्या प्रबंधात आणि अमेरिकी पत्रकार हार्वी ब्लूम यांच्या लेखात 'न्यूरोडायव्हर्सिटी' हा शब्द आला; इंटरनेटवर एकमेकांशी बोलणाऱ्या स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) माणसांमध्ये ही कल्पना आधीपासूनच आकार घेत होती.

वापराबद्दल मात्र आग्रहाने सांगते. विविधता समूहाची असते. वर्ग चेताविविध असतो, एकटं मूल नव्हे. मुलासाठी काही जण 'चेताभिन्न' सुचवतात, पण त्यात 'कोणापासून भिन्न?' हा प्रश्न उरतोच. थेट 'डिस्लेक्सिया असलेली मुलगी', 'स्वमग्न मुलगा' लिहावं.

अमेरिकी लेखक रिक रायर्डन यांच्या पुस्तकमालिकेचा नायक, ग्रीक देवाचा मुलगा पर्सी जॅक्सन घ्या. लेखकाच्या मुलाला एडीएचडी आणि डिस्लेक्सिया होता. त्याला रात्री झोपताना सांगितलेल्या गोष्टीतून २००५ साली पहिलं पुस्तक आलं. पर्सीला इंग्रजी अक्षरं पानावर तरंगताना दिसतात, कारण त्याचा मेंदू प्राचीन ग्रीक वाचण्यासाठी घडलेला आहे. वर्गात त्याला स्वस्थ बसवत नाही, तीच चपळाई लढाईत त्याचा जीव वाचवते. आणि त्याच्यासारख्या देवांच्या मुलांच्या शिबिरात बहुतेक मुलं त्याच्यासारखीच! मुलगा बदलत नाही, भोवतालचं जग बदलतं. म्हणून 'आजारावर मात करणारा नायक' असं कृपया लिहू नका. 'वरदान' हा शब्दही मला खटकतो. ज्या मुलाकडे कसलीच अद्भुत शक्ती नाही, फक्त वाचायला वेळ लागतो, त्याने हे पुस्तक मिटून काय समजायचं?

प्रश्न : मग 'अध्ययन अक्षमता' टाळू का?

उत्तर : कथेबद्दल लिहिताना टाळा. कागदोपत्री तो शब्द लागतोच. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया तिच्यातच येतो) दोन्ही आहेत, आणि परीक्षेतला जादा वेळ किंवा लेखनिक मिळायला प्रमाणपत्र दाखवावं लागतं. तिथे शब्दावरून वाद घालून मुलाची सवलत अडवू नये.