'नाइन्टीन एटी-फोर' दुसऱ्यांदा वाचताना : तुम्ही कुठे थांबलात?

आमच्या सोलापूरच्या वाचनगटानं या उन्हाळ्यात जॉर्ज ऑर्वेलची 'नाइन्टीन एटी-फोर' पुन्हा वाचली. सगळ्यांवर पाळत ठेवणाऱ्या आणि भूतकाळही बदलणाऱ्या एका सत्तेची ही कादंबरी. अकरा जणांपैकी नऊ जणांनी ती कॉलेजात असताना वाचलेली होती. कुणी इंग्रजीत वाचत होतं, कुणी मराठी अनुवादात. रविवारी सकाळी साडेसातलाच जमायचो, कारण दहानंतर गच्चीवरच्या पत्र्याखाली बसवत नाही.

कादंबरीचं पहिलं वाक्य एप्रिलमधल्या थंड, लख्ख दिवसाचं आहे आणि त्यात घड्याळं तेराचे ठोके देतात. ते मोठ्यानं वाचल्यावर गटातले सत्तरीचे काका म्हणाले, "आमच्या लहानपणी गिरणीचा भोंगा तासभर आधी वाजला असता, तर अख्ख्या पेठेनं आपली घड्याळं पुढं केली असती." पहिल्या वाचनात मी ते तेरा ठोके नुसते विचित्र म्हणून सोडून दिले होते. वेळ कोण ठरवतं हा प्रश्न पहिल्याच वाक्यात आहे, हे काकांमुळे कळलं. म्हणून सगळ्यांना विनंती केली की दुसऱ्या वाचनात जिथं थांबलात, तेवढंच लिहा.

निवृत्त उपसंपादक, मुरारजी पेठ

बाविसाव्या वर्षी वाचलं तेव्हा कादंबरीचा नायक विन्स्टन मला नुसता बिचारा वाटला होता. या वेळी एका गोष्टीवर अडकलो : त्याला त्याचं काम आवडतं. सत्य मंत्रालयात बसून तो जुन्या अंकांतल्या बातम्या बदलतो. कॉम्रेड ओगिल्वी नावाचा, कधीच नसलेला वीर तो कागदावर उभा करतो आणि मजकूर छान जमल्याचं समाधान त्याला मिळतं. ते समाधान मी ओळखतो. रात्री अकरा वाजता मथळा दोन कॉलमांत नेमका बसला की मलाही तसंच वाटायचं.

चुका आमच्याही व्हायच्या. एका अपघाताच्या बातमीत जखमी माणूस आम्ही मृत म्हणून छापला. सकाळी त्याचा भाऊ कचेरीत येऊन काही न बोलता समोर उभा राहिला. दुसऱ्या दिवशी आम्ही खुलासा छापला. पण चुकलेला अंक फायलीत तसाच बांधला गेला. आजही ती फाईल उघडली तर एका पानावर चूक आहे आणि पुढच्या अंकात खुलासा आहे. विन्स्टनच्या कचेरीत अंकच नव्यानं छापून फायलीत लावतात आणि जुना कागद भिंतीतल्या भोकातून थेट भट्टीत जातो. घराघरात पाळत ठेवणाऱ्या टेलिस्क्रीनपेक्षा, म्हणजे त्या पडद्यापेक्षा, मला त्या भोकाची भीती जास्त वाटली. हल्ली वेबसाइटवरची बातमी दुपारपर्यंत बदललेली असते, आणि सकाळी काय होतं ते कुठंच उरत नाही. नातवाला सांगून ठेवलंय, महत्त्वाचं वाटलं तर प्रिंट काढ आणि वर तारीख घाल.

परिचारिका, अशोक चौक

चॅरिंग्टनच्या जुन्या वस्तूंच्या दुकानावरच्या खोलीतून विन्स्टन अंगणात लंगोट वाळत घालणाऱ्या बाईकडे बघतो. ती गात असते. उद्याची आशा असलीच तर या कष्टकरी लोकांत आहे, असं त्याला वाटतं. कॉलेजात ते वाचून मी भारावले होते. या वेळी मात्र राग आला. त्या बाईला नाव नाही. गाण्यापलीकडे तिचं एक वाक्यसुद्धा नाही.

माझी आई विड्या वळायची. मांडीवर सूप, हातात कात्री, दिवसाला हजार विड्या. बोटं चालू असताना तोंडही चालू असायचं. कारखान्यात मोजणी करताना किती विड्या खराब म्हणून काढल्या, नगरसेवक काय बोलला, रेशनचा तांदूळ कसा आला, सगळ्यावर तिचं मत ठाम असायचं. विन्स्टननं खाली उतरून त्या बाईला एक प्रश्न विचारायला हवा होता. गटात यावर वाद झाला. 'तो घाबरलेला होता,' असं दोघं म्हणाले. असेल. पण लेखकानं तरी तिला बोलू द्यायचं होतं.

बँकेत नोकरी, विजापूर रोड

विन्स्टनचा शेजारी पार्सन्स, त्याची सात वर्षांची मुलगी दाराला कान लावून बापाचं झोपेतलं बोलणं ऐकते आणि त्याला पकडून देते. कोठडीत बाप म्हणतो, मला तिचा अभिमानच वाटतो. माझी मुलगीही सातच वर्षांची आहे. त्या रविवारी पुढची पानं मी वाचली नाहीत.

यंत्रमागवाल्यांच्या घरातला

आमच्या घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत दोन्हींची मिसळ. साइम नावाचं पात्र नवभाषेचा, म्हणजे सत्तेनं घडवलेल्या भाषेचा, कोश तयार करत असतं आणि दरवर्षी शब्दसंख्या कमी होणारी जगातली ही एकमेव भाषा, असं अभिमानानं सांगतं. तिथं मला आजोबा आठवले. ते हातमागाला 'मग्गम' म्हणायचे, आणि त्याच्या एकेका भागाला, गाठीला, सुताच्या दोषाला त्यांच्याकडे वेगळा शब्द होता. आता मग्गम सोडून मला त्यातला एकही येत नाही. आमच्यावर कुणी सक्ती केली नव्हती. माग गेला, मागोमाग शब्द गेले. साइमचं वाक्य म्हणून मला जास्त लागलं.

इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी

मी पहिल्यांदाच वाचत होते. सत्तेनं शत्रू ठरवलेल्या गोल्डस्टाइनच्या पुस्तकातली लांबलचक प्रकरणं गटातल्या निम्म्या लोकांनी वगळली. मी वाचली. विन्स्टन ती वाचून दाखवतो तेव्हा त्याची प्रेयसी ज्युलिया झोपून जाते, आणि मला ती त्या क्षणी सगळ्यात खरी वाटली.

निवृत्त शिक्षिका, सात रस्ता

ऑर्वेलचा जन्म 1903 साली बिहारमधल्या मोतिहारीचा. तरुणपणी तो ब्रह्मदेशात ब्रिटिशांच्या पोलिसांत होता. 1927 मध्ये त्यानं ती नोकरी सोडली. तीन वर्षांनी, मे 1930 मध्ये, त्याच साम्राज्यानं सोलापुरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, लावला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा या स्वातंत्र्यसैनिकांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिलं. हे मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं.

कादंबरीत विन्स्टन दारूच्या गुत्त्यात एका म्हाताऱ्याला क्रांतीपूर्वीचे दिवस विचारतो. म्हातारा बिअरचं माप आणि उंच टोप्या यांपलीकडे जातच नाही. विन्स्टन निराश होऊन उठतो. मीही अशीच उठले होते. माझी आजी मार्शल लॉच्या वेळी नऊ वर्षांची होती. मी शाळेत असताना 'तेव्हा काय झालं?' असं विचारलं, तर ती सांगत बसली की गवळी आला नाही, बिनदुधाचा चहा प्यायला लागला, आणि वडिलांनी गांधी टोपी धान्याच्या कणगीत खोल दडवली. एवढंच? असं म्हणून मी वही मिटली होती.

परवा गटातून घरी आल्यावर ती वही काढली. आजीचं आठवतं तेवढं सगळं उतरवलं : गवळी, चहा, कणगीतली टोपी. त्या आठवणींना घालायची ती तारीख आता कुणालाच सांगता येणार नाही, म्हणून मी लिहिलं त्या दिवसाची घातली.