वचनातून वाट दिसली तेव्हा: तुमचे अनुभव लिहा

आईच्या बायबलात नीतिसूत्रांची पानं सगळ्यांत मळलेली आहेत. अध्याय 31, तारखाही तेवढ्याच. आजची तारीख असेल तो अध्याय ती चहाआधी वाचते. गेल्या वर्षी नोकरी सोडावी का, हे मला उमगत नव्हतं. आईने सल्ला दिला नाही, याकोबाचं पत्र 1:5 काढून हातात दिलं. ज्याला ज्ञान कमी पडतं त्याने देवाजवळ मागावं, तो दोष न लावता देतो. 'दोष न लावता' यावर मी आठवडाभर अडले, कारण घोळ माझाच होता आणि मागायची लाज वाटत होती. तुम्हाला वचनाने कुठे थांबवलं, कुठे वळवलं? अजून सुटलं नसेल तरी लिहा.

नगर जिल्ह्यातून
वडील गेल्यावर साडेतीन एकरांवरून धाकट्याशी वाकडं आलं. वकिलाची नोटीस तयार होती, माझी सही बाकी. "प्रभू, न्याय दे," एवढीच माझी प्रार्थना. मग उपासनेत बायबलातल्या 1 राजे या पुस्तकाचा 3रा अध्याय वाचला गेला. गिबोनात देव शलमोन राजाला 'माग' म्हणाला, तर त्याने ना धन मागितलं, ना शत्रूंचा जीव; बरंवाईट ओळखणारं मन मागितलं. घरी येऊन याकोब 3:17 उघडलं. वरून येणारं ज्ञान शुद्ध, शांतिप्रिय, सौम्य, दयेने भरलेलं. नोटीस समोर ठेवून एकेक शब्द लावून पाहिला. एकही बसेना. माझा हक्क खरा होता, तरीही. मंडळीतल्या दोन वडीलधाऱ्यांना घेऊन धाकट्याकडे गेलो. मोजणी अजून व्हायची आहे, बांधाचं ठरलेलं नाही. पण नाताळला तो जेवायला आला.

मिरजेची नर्स
आखातातल्या नोकरीचं पत्र आलं तेव्हा डोळे मिटून बायबल उघडलं आणि बोट ठेवलं. "ऊठ, जा" अशा अर्थाचं निघालं! पाळकांना आनंदाने सांगितलं. ते म्हणाले, "मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 4था अध्याय वाच बाळा. तिथे 91वं स्तोत्र कोण म्हणून दाखवतो?" येशूला मोहात पाडणारा सैतान. आणि येशू उत्तर देतो तेही शास्त्रातूनच. मग तीन आठवडे मत्तय सलग वाचलं, करारपत्र नीट वाचलं, आईशी बोलले. गेले, पण तिची सोय लावून.

पुण्याहून
आजी केडगावला मुक्ती मिशनमध्ये, पंडिता रमाबाईंच्या निराधार स्त्रियांसाठीच्या संस्थेत, वाढली. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठीत केलेलं बायबल तिच्याकडून माझ्याकडे आलं. साध्या बायकांना कळावं म्हणून रमाबाई 1922 साली जाईपर्यंत त्या कामात होत्या. काही अडलं की तोच उतारा मी त्यात आणि नेहमीच्या भाषांतरात शेजारी ठेवून वाचते. एखादा शब्द वेगळा दिसला की माझी घाई मोडते.

ठाण्याहून
बाबांना व्हेंटिलेटरवर ठेवायचं का, हे रात्री दोन वाजता मला एकटीला सांगायचं होतं. मोबाईलवर स्तोत्र 119:105 काढलं. तिथे वचन पावलांसाठी दिवा आहे. मी गाव दिसेल एवढा उजेड मागत होते. "ठेवा," म्हटलं. चौथ्या दिवशी बाबा गेले. बरोबर केलं का, मला अजून सांगता येत नाही. वाचन सोडलेलं नाही. सध्या दुःखात देवाला शोधणाऱ्या ईयोबाचं पुस्तक चालू आहे. 23व्या अध्यायात तो पुढे जातो, मागे जातो, आणि देव दिसत नाही. तिथेच चार दिवस थांबले आहे.