जुन्या टेक-सायन्सच्या लिंका: पुढे झालं काय त्यांचं?

झोपमोड:
रोज रात्री टेक, सायन्स, स्टार्टअपच्या बातम्यांच्या लिंका गोळा करायची खोड लागलीय मला, वाचून तर होत नाहीत आणि टॅब बंद करायलाही जीव होत नाही. काल आवराआवर करताना दोन जुन्या सापडल्या. २०२२ ची, फ्यूजन (अणुकेंद्रं जोडून ऊर्जा काढणं) जमलं, आता विजेची चिंता मिटली! आणि २०२३ ची, साध्या तापमानाला चालणारा सुपरकंडक्टर, म्हणजे विजेला अजिबात न अडवणारा पदार्थ. पुढे काय झालं यांचं? आणि नवीन लिंक उघडायची की सोडून द्यायची हे तुम्ही कसं ठरवता?

प्रयोगवही:
फ्यूजनची बातमी खरीच होती रे, हेडिंग तेवढं आगाऊ. ५ डिसेंबर २०२२ ला अमेरिकेतल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत १९२ लेझर मिळून २.०५ मेगाज्यूल ऊर्जा इंधनाच्या छोट्या गोळीवर सोडली आणि बाहेर आली ३.१५. पण मेख अशी की ते २.०५ तयार करायलाच लेझरांनी ग्रिडमधून साधारण ३०० मेगाज्यूल ओढले होते. म्हणजे हिशोब भिंतीतल्या प्लगपासून धरला तर सपशेल तोटा, गोळीपासून धरला तर फायदा. मी तरी आधी हेच बघतो, मोजायला सुरुवात कुठून केलीय.

खवचट_काका:
स्टार्टअपवाल्यांचंही तेच की. कोणी १० लाख डॉलर टाकून ५ टक्के हिस्सा घेतला की लगेच बातमी, कंपनी २ कोटी डॉलरची झाली! अरे बँकेत आले १० लाखच, बाकी सगळं कागदावर. थेरानोस या रक्ततपासणीच्या अमेरिकन स्टार्टअपचं कागदावरचं मोल ९ अब्ज डॉलरपर्यंत गेलेलं, आणि रक्ताच्या बहुतेक टेस्ट चालायच्या दुसऱ्या कंपन्यांच्या नेहमीच्या मशीनवर. फंडिंगच्या लिंका मी उघडतच नाही.

तांबं_शिसं:
सुपरकंडक्टर म्हणजे एलके-९९, कोरियन टीमचा. तो चुंबकावर अर्धवट तरंगणारा काळा खडा आठवतोय ना, एक कड वर, एक कड खालीच टेकलेली? मी तो व्हिडिओ किती वेळा मागेपुढे करून बघितला असेल, लाज वाटते सांगायला. नंतर कळलं की नमुन्यात कॉपर सल्फाइडची भेसळ होती, ते १०४ अंश सेल्सिअसच्या आसपास आपली रचना बदलतं आणि रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) धाडकन खाली येतो, तेच बघून सगळे नाचले. जर्मनीत शुद्ध स्फटिक बनवला तर तो चक्क इन्सुलेटर, म्हणजे वीज जाऊच न देणारा निघाला. पण महिनाभरात एवढ्या लॅबनी तपासून निकाल लावला, मला तर ही दुसरी बातमीच जास्त भारी वाटली, ती मात्र कोणी फॉरवर्ड केली नाही.

नुसता_वाचक:
मी हेडिंग सोडून थेट शेवटाकडे जातो आणि उंदीर शोधतो. औषधाची बातमी असेल तर शेवटून दुसऱ्या परिच्छेदात हमखास सापडतो, "प्रयोग उंदरांवर".

झोपमोड:
@नुसता_वाचक आत्ताच चार टॅब तसे तपासले, तिघांत उंदीर, चौथ्यात माशी 😄 चारही बंद केले. @तांबं_शिसं तो व्हिडिओ असेल तर टाक ना, मी बघितलाच नव्हता.