मराठी साहित्यात १९७२ साली असं काय झालं होतं?

शाईचा_डाग

नमस्कार मंडळी. वडिलांनी जमवलेली पुस्तकं लावायला घेतली आहेत. लेखकाच्या नावाने न लावता पहिली आवृत्ती किंवा पहिला प्रयोग कुठल्या साली, त्या क्रमाने लावतोय, म्हणजे कुणी कुणाच्या शेजारी बसून लिहिलं ते तरी कळेल. तर १९७२ ला येऊन अडकलोय. सखाराम बाइंडर हे नाटक त्याच साली रंगमंचावर, गोलपिठा हा कवितासंग्रह त्याच साली, घाशीराम कोतवाल हे नाटक पण त्याच साली! मला वाटायचं साठचं दशक, लिटल मॅगझिनवाले (स्वतःच छोटे अंक काढणारे लेखक), नेमाड्यांची कोसला कादंबरी, तोच सगळा खळबळीचा काळ आणि नंतर जरा शांतता. मग हे एकाच वर्षात कसं आलं, योगायोग आहे का? जाणकारांनी जरा सविस्तर सांगावं ही विनंती.

पडद्याआड

योगायोग थोडा आहेच, पण या तिन्हीत एक माणूस कॉमन आहे ते बघा. नाटककार विजय तेंडुलकर. मार्चमध्ये बाइंडर आलं, डिसेंबरमध्ये घाशीराम, आणि मधे गोलपिठाला प्रस्तावना पण त्यांचीच. बाइंडरमधला सखाराम छापखान्यात बाइंडिंगचं काम करणारा, नवऱ्यांनी टाकलेल्या बायका घरी आणून ठेवणारा. निळू फुले सखाराम आणि लालन सारंग त्या बायकांतली चंपा. लोकांना त्यातली शिवराळ भाषा आणि चंपा तेवढीच आठवते, पण मला विचाराल तर नाटकाचा जीव त्यानेच आणलेल्या दुसऱ्या बाईत, लक्ष्मीत आहे. ती एकटी असताना मुंगळ्याशी बोलते, त्याच्याशी हसते, आणि सखाराम बाहेरून ऐकतो तर त्याला वाटतं ही कुणाशी बोलतेय. आयुष्यात बोलायला माणूस न मिळालेली बाई एवढ्याशा प्रसंगात उभी केलीय हो, मी तो भाग वाचताना दरवेळी थांबतो. सेन्सॉरने हे नाटक अडवलं, तर दिग्दर्शक कमलाकर सारंग हायकोर्टात गेले आणि जिंकले. त्यांचं ‘बाइंडरचे दिवस’ मिळालं तर सोडू नका, एक नाटक उभं ठेवायला माणूस किती झिजतो ते त्यात आहे.

खडीचा_रस्ता

वरच्या प्रतिसादात सगळं बरोबर आहे पण १९७२ तेंडुलकरांचं वर्ष करून टाकू नका, कळकळीने सांगतोय. प्रस्तावना त्यांची असली तरी गोलपिठा नामदेव ढसाळांचा आहे. तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते, पुणे जिल्ह्यातल्या गावातून लहानपणी मुंबईत आलेले, कामाठीपुऱ्याच्या वेश्यावस्तीच्या आसपास वाढलेले, टॅक्सी चालवलेले. त्या वस्तीची बोली, शिव्या, धंद्यातले शब्द हे सगळं कवितेत पाहुणं म्हणून येत नाही, ते घरचंच आहे. पुस्तकी मराठी शिकलेल्या माणसाला आपल्याच भाषेतल्या कवितेत चारचार ओळींवर अडखळायला होतं, आणि ते अडखळणं मला फार महत्त्वाचं वाटतं कारण त्याचा अर्थ असा की ही भाषा बोलणारी माणसं तोवर छापील मराठीत नव्हतीच.

आणि त्या वर्षी पुस्तकाबाहेर काय चाललं होतं ते बघा ना. दुष्काळ, लोक खडी फोडायला कामावर, सुकडीवर (दुष्काळात वाटलेल्या कोरड्या खाण्यावर) दिवस काढणारे. पाणवठ्यावरून दलितांना मारहाण. मे महिन्यात ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार वगैरे तरुणांनी दलित पँथर ही लढाऊ संघटना काढली, म्हणजे हे लिहिणारे लोकच रस्त्यावर होते. मग १५ ऑगस्टला साधना साप्ताहिकाचा अंक आला, स्वातंत्र्याच्या पंचवीस वर्षांचा, अनिल अवचटांनी संपादन केलेला, आणि त्यात ढाल्यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख. त्यांचा मुद्दा साधा होता, झेंड्याचा अपमान केला तर जेवढी शिक्षा आहे तेवढीसुद्धा दलित बाईची विटंबना करणाऱ्याला होत नसेल तर तो झेंडा आमच्या काय कामाचा. केवढा गदारोळ झाला! पण ओरडणाऱ्यांतल्या बहुतेकांनी झेंड्याचंच वाक्य धरलं, बाईचं कुणी धरलं नाही. मला कॉलेजात दलित साहित्याचा पेपर होता त्यात या लेखाचं नुसतं नाव होतं, लेख वाचायला कुणी दिला नाही, तो मी नंतर स्वतः शोधून वाचला आणि तेव्हा राग आला की एवढी वर्षं आपण काय शिकलो.

अबोली_वाचते

एक छोटी भर. त्या वर्षीचा मराठीचा साहित्य अकादमी पुरस्कार गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ला होता. पुस्तक आधीचं आहे पण पुरस्कार १९७२ चा. वारली लोकांमध्ये राहून त्यांनी वेठबिगारीविरुद्ध जी चळवळ केली तिची हकिगत आहे. शाईचा_डाग, तुमच्या यादीत नसेल तर १९७२ च्या कप्प्यात हेही ठेवा, नाहीतर तो कप्पा सगळा पुरुषांचाच होईल 🙏

शाईचा_डाग

ताई, आहे आमच्याकडे! कव्हर गेलंय पण आहे. १९७० पाशी लावलं होतं. बाकी खडीचा_रस्ता, साठच्या दशकाचं काय मग? ‘असो’, ‘वाचा’ वगैरे लिटल मॅगझिनचे अंक आधीच निघाले होते ना?

पडद्याआड

निघाले होते, आणि ती तयारीच म्हणा. अशोक शहाण्यांचं ‘असो’, नेमाड्यांचं ‘वाचा’, यांनी मोठ्या मासिकांच्या दारात उभं न राहता स्वतः छापायची सवय लावली. बाबुराव बागुलांच्या कथाही आधीच्याच. पण ते अंक थोड्या लोकांच्या हातात फिरायचे. १९७२ मध्ये फरक असा पडला की तीच खळबळ तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर आणि कोर्टासमोर गेली.

खडीचा_रस्ता, तुमचं म्हणणं मान्य, मी एका माणसाभोवती गुंफत बसलो हे खरंय.

पेठेतला

उशिरा आलो पण घाशीरामबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. १६ डिसेंबर १९७२, भरत नाट्य मंदिर, पुणे. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत, मोहन आगाशे पेशवाईतल्या नाना फडणवीसांच्या भूमिकेत. माझे काका सुरुवातीच्या एका प्रयोगाला होते. ते सांगायचे की पडदा वगैरे विसरा, ब्राह्मणांची ती रांग हाच पडदा, माणसं डुलत गात उभी आणि मधेच पाठ फिरवली की भिंत. त्या भिंतीपलीकडे काय चाललंय ते प्रेक्षकाला दिसत नाही पण कळतं. काका म्हणायचे, आपण पण त्याच रांगेत उभे आहोत असं वाटलं, आणि घरी येऊन आजोबांशी त्यांचं कडाक्याचं भांडण झालं, आजोबांच्या मते नाना फडणवीसांची बदनामी होती. पुण्यात अशी भांडणं बऱ्याच घरांत झाली असणार. एकोणीस प्रयोगांनंतर ते करणाऱ्या संस्थेने नाटक थांबवलं, मग त्यातल्याच मुलांनी संस्थेतून बाहेर पडून १९७३ मध्ये थिएटर अकादमी काढली आणि नाटक परत उभं केलं. म्हणजे तुमच्या कप्प्यात घाशीराम १९७२ ला ठेवा पण शेजारी ७३ साठी थोडी जागा मोकळी सोडा.