कटऑफ बघून ऑप्शनचा क्रम लावू नका

येळ्ळूरकर (धागा सुरू केला)

इंजिनिअरिंगच्या सीईटीचं रँक लागलं की बेळगावात घरोघरी एकच उद्योग. गेल्या वर्षीच्या कटऑफची पीडीएफ काढायची, पोराचं रँक कुठं बसतंय ते बघायचं आणि जे कॉलेज-ब्रँच 'नक्की मिळणार' ते ऑप्शनच्या यादीत सगळ्यात वर टाकायचं. माझ्या मते हा शुद्ध वेडेपणा आहे.

केईए (कर्नाटकात सीईटी घेऊन सीटा वाटणारं सरकारी प्राधिकरण) तुमची यादी वरून खाली वाचतं आणि तुमच्या रँकला जी पहिली सीट शिल्लक असेल ती देतं. बेंगळूरचं यूव्हीसीई (विश्वेश्वरय्या इंजिनिअरिंग कॉलेज, 2021 च्या कायद्यानं ते आता स्वतंत्र सरकारी विद्यापीठ आहे) एक नंबरला लिहिलं आणि मिळालं नाही, म्हणून दोन नंबरची बेळगावजवळच्या मच्छेच्या व्हीटीयू (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ) कॅम्पसातली सीट जात नाही. उलटं केलंत तर मात्र पस्तावाल. भीतीपोटी व्हीटीयू वर आणि यूव्हीसीई खाली ठेवलं, तर रँक पुरत असूनही यूव्हीसीई तुमच्या वाट्याला येणार नाही.

शिवाय लोक कटऑफच्या तक्त्यातली ओळ भलतीच वाचतात. जीएमचा (खुल्या गटाचा) आकडा बघून हाय खायची आणि जीएमआर (खुला ग्रामीण), 3बीआरकडे (3बी मागास प्रवर्ग, ग्रामीण) ढुंकून बघायचं नाही. पहिली ते दहावी खेड्यातल्या शाळेत झाली असेल तर ग्रामीणचं 15 टक्के आरक्षण आहे, त्यात माध्यमाची अट नाही. आमच्याकडचा मराठा पोरगा 3बी मध्ये येतो, त्यानं 3बीआरची ओळ बघावी.

निपाणी_स्टँड

पटलं नाही. चान्स बघायचाच नाही तर कटऑफ छापतात कशाला? आमच्या नात्यातल्या पोरानं अशीच स्वप्नं बघून मोजके आठ-दहा ऑप्शन भरले, सगळे बेंगळूरचे. पहिल्या फेरीत काहीच लागलं नाही. पुढच्या फेरीत उरलेलं गोळा करावं लागलं आणि ब्रँच नको ती आली. हातात असलेलं आधी पक्कं करावं, हे शेतकऱ्याच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही.

येळ्ळूरकर

त्या पोराचा क्रम चुकला नाही, यादी तोकडी पडली. आठ-दहावर थांबायला सांगितलं कुणी? कटऑफ बघायचा तो यादी कुठवर लांबवायची हे ठरवायला. रँक ज्याला आरामात पुरतं असे चार-सहा ऑप्शन खाली असलेच पाहिजेत. पण खालीच.

खानापूरची_ताई

ग्रामीणचं ऐकायला बरं वाटतं हो. आमच्याकडं आठवीपासून पोरं बेळगावच्या हायस्कुलात घालतात, ती सवलत तिथंच गेली. दहाच्या दहा वर्षं खेड्यातच हवीत. कन्नड माध्यमाचं 5 टक्के आमच्या पोरांना लागू नाही. म्हणजे खानापूर तालुक्यातलं मराठी शाळेचं पोर शेवटी शहरातल्या पोरांबरोबर जीएम किंवा 3बीच्या ओळीतच उभं. मग इथं रांगेत कशाला राहायचं? कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचा स्वतःचा तंत्रज्ञान विभाग आहे, पुण्याचं सीओईपी 2022 पासून विद्यापीठ झालंय. आपल्या माणसांत जावं.

पीयू_लेक्चरर

ताई, राग समजतो, पण चान्स रागावर ठरत नाही. दोन्हीकडचा हिशेबच वेगळा आहे.

कर्नाटकात इंजिनिअरिंगचं रँक सेकंड पीयूचे (म्हणजे बारावीचे) पीसीएम, फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स, 50 टक्के आणि सीईटी 50 टक्के असं निघतं. समजा पीयूला 300 पैकी 270 आणि सीईटीला 180 पैकी 90. म्हणजे 90 टक्के आणि 50 टक्के, सरासरी 70. महाराष्ट्रात बारावीचे मार्क फक्त पात्रतेपुरते, खुल्या गटाला 45 टक्के. पुढं सगळं सीईटीच्या पर्सेंटाइलवर. आमच्या कॉलेजात बोर्डाला घासून मार्क काढणारी आणि सीईटीत बिचकणारी पोरं भरपूर. त्यांना इकडचं गणित फायद्याचं. ज्याचं बोर्ड कच्चं आणि सीईटी तेज, त्यानं खुशाल तिकडं बघावं. पण तिकडचा पेपर महाराष्ट्र बोर्डाच्या पुस्तकांवर, त्यात अकरावीचे 20 टक्के. आपल्या पीयूला एनसीईआरटी. ही तयारी मे महिन्यात होत नसते.

आणखी एक. 95 पर्सेंटाइल ऐकून पेढे वाटतात. तीन लाख पोरं बसली धरा, तर पंधरा हजार पुढं आहेत.

शिनोळी_नाका

तिकडं जाणाऱ्यांनी आधी कागद बघा. सीमाभागातल्या मराठी पोरांसाठी महाराष्ट्राच्या कॅपमध्ये (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत) टाइप-ई हा वेगळा गट आहे. वास्तव्य वादग्रस्त सीमाभागातलं हवं, मातृभाषा मराठी हवी आणि दहावी किंवा बारावी सीमाभागातून वा महाराष्ट्रातून झालेली हवी. त्याचे दोन दाखले ठरावीक नमुन्यात लागतात, जी-1 आणि जी-2. निकालानंतर पळापळ करणाऱ्यांची दया येते.

आणि येळ्ळूरकर, तुमचा क्रमाचा सिद्धांत तिकडं जरा जपून. पहिल्या फेरीत एक नंबरचा ऑप्शन लागला की सीट आपोआप फ्रीज, पुढच्या फेऱ्या बंद. 2025 ला दुसऱ्या फेरीत पहिले तीन आणि तिसऱ्या फेरीत पहिले सहा असे गोठले. इकडं कसं, सीट लागल्यावर चॉईस 2 घेऊन, म्हणजे मिळालेली सीट हातात ठेवून, वरच्यासाठी थांबता येतं.

येळ्ळूरकर

म्हणजे मी म्हणतोय तेच की! एक नंबरला जे मनापासून हवं तेच लिहा. गोठलं तर चांगलंच.

शिनोळी_नाका

'मनापासून' काय ते सतराव्या वर्षी कुणाला कळतं? पोरगं मित्राचं बघून कॉम्प्युटर वर लिहितं.

बेळगावचा_कुंदा

काय करलालेत रे सगळी? केईएच्या फॉर्मला नाडकचेरीच्या (गावाकडच्या महसूल कचेरीच्या) जात-उत्पन्न दाखल्यावरचा आरडी नंबर लागतो. तो नसला तर 3बी नाही, 3बीआर नाही, जीएमच. आधी ते बघा की. आमच्या गल्लीत निम्म्यांचे दाखले अजून निघायचेत आणि ही कोल्हापूर-पुण्याच्या गप्पा मारलालेत.

निपाणी_स्टँड

कुंद्याचं खरंय. पण क्रमाबद्दल माझं मत तेच. येळ्ळूरकरांच्या पद्धतीत पोराला 'वरचं का नाही मिळालं' हा सल राहतो, आणि बाप रोज उठून ते ऐकवतो. मार्कात मावत नाहीत अशा गोष्टी पण असतात.

येळ्ळूरकर

बापाची तोंडं बंद करायला केईएकडं ऑप्शन नाही. पण मॉक अलॉटमेंट आहे, म्हणजे खऱ्या फेरीच्या आधी सीटवाटपाची रंगीत तालीम. तुमच्या क्रमानं एक यादी कागदावर करा, माझ्या क्रमानं फॉर्म भरा. मॉकमध्ये काय लागतंय ते इथंच लिहा. तेव्हाही क्रम बदलायची मुभा असते.

निपाणी_स्टँड

बघतो. ओळ कुठली, 3बीआर की 3बी जनरल? पोरगं सातवीपर्यंत गावात होतं.

खानापूरची_ताई

मग जनरलच. तेच तर मी सांगत होते.