काटा ‘ई’वर (म्हणजे टाकी रिकामी) गेल्यावर गाडी खरंच किती चालते? (समृद्धीवरून नागपूर ते नाशिक)

नागपूरची_लेक

नमस्कार. पुढच्या आठवड्यात आईबाबांना घेऊन नागपूरहून नाशिकला जायचंय, समृद्धीनं. गाडी २०१९ची स्विफ्ट, पेट्रोल, साधी गिअरची, ३७ लिटरची टाकी. चालवणार मीच. घरात एका गोष्टीवरून दोन तट पडलेत. बाबा म्हणतात, टाकी अर्धी झाली की भरून घ्यायची. माझे दीर म्हणतात, दिवा लागल्यावरही पन्नास-साठ किलोमीटर कुठे जात नाहीत, नागपूरला फुल कर आणि थेट शिर्डीला उतर.

गावात हा वाद मिटवायची गरज पडत नाही, पंप दर वळणावर असतो. समृद्धीवर तसं नाही. पंप आहेत, पण एक गेला की पुढचा लगेच येत नाही, आणि मध्ये दुभाजक असल्यामुळे पलीकडच्या बाजूचा पंप आपल्या उपयोगाचा नाही.

मला नेमकं हे विचारायचंय: दिवा लागल्यावर किती किलोमीटर धरायचे? काटा अगदी तळाला टेकल्यावर काही उरतं का? मीटरवर जी ‘रेंज’ दिसते तिच्यावर विसंबायचं का? आमच्या गाडीत दिवा लागल्यावर थोड्या वेळानं तिथे आकड्याऐवजी नुसत्या रेघा येतात. आणि असं सारखं तळाशी आणून चालवलं तर गाडीला काही होतं का?

द्वारका_सर्कल

ताई, माझी क्रेटा पेट्रोल आहे, टाकी ५० लिटर. दिवा लागल्यावर सत्तरच्या आसपास गेलोय, गाडी बंद पडली नाही. तुमची स्विफ्ट हलकी आहे, तीही साठ सहज जाईल. दीर बरोबर बोलतायत. फार टेन्शन घेऊ नका.

सिन्नर_गॅरेज

ताई, वरच्या दादांचा सत्तरचा आकडा त्यांच्या गाडीपुरता खरा असेल. पण तो तुमच्या गाडीला लावू नका. मी बरीच वर्षं टाक्या उतरवतोय, पंप बदलतोय. याबद्दल माझं ठाम मत आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

किलोमीटर विचारू नका, लिटर विचारा. दिवा लागतो तेव्हा टाकीत ठराविक पेट्रोल उरलेलं असतं. त्यात गाडी किती जाईल ते वेग, एसी, वजन, वारा आणि चढ ठरवतात.

आधी काटा काय मोजतो ते बघा. टाकीत एका दांडीला फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा तुकडा, असतो. पेट्रोल कमी झालं की तो खाली येतो, दांडीच्या दुसऱ्या टोकाचा संपर्क रेझिस्टन्सच्या पट्टीवर सरकतो आणि मीटरला तेवढाच इशारा मिळतो. टाकी काही चौकोनी डबा नसते. मागच्या सीटखाली जागा मिळेल तशी वाकवून, खोलगट करून बसवलेली असते. त्यामुळे फ्लोट दोन बोटं खाली आला म्हणजे दर वेळी सारखंच पेट्रोल संपलं असं होत नाही. पहिला अर्धा काटा सावकाश उतरतो आणि दुसरा भराभर, ही तक्रार माझ्याकडे कायम येते, आणि बहुतेक वेळा गाडीत दोष नसतो. पेट्रोल हिंदकळून काटा नाचू नये म्हणून मीटर मुद्दाम सावकाश हलतो. गाडी चढावर उभी करून पुन्हा चालू केली की कधी काटा वेगळाच दिसतो, तेही याच कारणानं.

काटा तळाला टेकला तरी बहुतेक गाड्यांत थोडं पेट्रोल असतं. कंपनी ते मुद्दाम ठेवते. पण किती, ते मॉडेलप्रमाणे बदलतं. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांतही फ्लोटची दांडी जरा वाकली असेल तर फरक पडतो. म्हणून ‘शून्यानंतर अमुक किलोमीटर’ असं मी कुणालाच सांगत नाही. काटा तळाला गेला की माझ्या हिशेबात टाकी रिकामी.

मीटरवरची रेंज हा मागच्या काही अंतराच्या अ‍ॅव्हरेजवरून काढलेला अंदाज आहे. तुम्ही सपाट रस्त्यावर ८०नं आलात आणि पुढे १२०नं निघालात, तर तो आकडा मागच्या रस्त्याचा आहे, पुढच्या रस्त्याचा नाही. रेघा येतात कारण एवढ्या कमी पेट्रोलवर फ्लोटचा इशारा भरवशाचा राहत नाही, मग गाडी आकडा दाखवतच नाही. मला ते योग्यच वाटतं.

आता समृद्धीचं. तिथे कारला सपाटीवर १२०ची मर्यादा आहे आणि लोक तेवढ्यानं जातात. ८०च्या तुलनेत १२०ला हवेचा विरोध सव्वादोन पट होतो. शहराबाहेर १८-१९ देणारी स्विफ्ट तिथे एसी लावून, चार माणसं आणि सामान घेऊन १५वर येऊ शकते. १५ धरा. दिवा लागेपर्यंत ३१ लिटर जळले तर झाले ४६५ किलोमीटर. नागपूर-शिर्डी या मार्गानं ५२० आहे. म्हणजे नागपूरला फुल केलेल्या गाडीचा दिवा छत्रपती संभाजीनगरच्या पुढेमागे लागणार आणि शिर्डी तेव्हा पन्नासएक किलोमीटर लांब असणार. दीरांचा बेत कागदावर जेमतेम बसतो. रस्त्यावर समोरून वारा असला किंवा एखाद्या ठिकाणी एसी लावून अर्धा तास उभं राहावं लागलं की बसत नाही.

आणि गाडीचं नुकसान. इंजेक्शनच्या गाड्यांत पेट्रोलचा पंप टाकीतच, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. त्याची मोटर थंड ठेवायचं काम पेट्रोलच करतं, वंगणही तेच देतं. पातळी कायम तळाशी ठेवली की मोटर जास्त तापते. एकदा-दोनदा असं झाल्यानं पंप जात नाही. पण रोज दोनशे रुपयांचं टाकून चालवणाऱ्यांचे पंप लवकर जातात, हे मी हातानं बघितलंय. ‘तळाचा गाळ ओढला जातो’ असं म्हणतात, ते मात्र अर्धंच खरं. टाकी भरलेली असतानाही पंप तळाजवळूनच ओढतो आणि त्याला जाळी असते. गाळ असेल तर तो आधीही ओढला जातच होता. खरी भीती पंपानं हवा ओढण्याची. पेट्रोल तुटक मिळालं की इंजिन मिसफायर करतं, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन तिथे जळतं, आणि तो भाग फार महागडा आहे.

जालना_बोलेरो

गॅरेजवाल्या दादांनी पेट्रोलचं सांगितलं, मी डिझेलचं सांगतो, कारण हा धागा डिझेलवालेही वाचतील. डिझेल गाडी पूर्ण कोरडी होऊ देऊ नका. पेट्रोल गाडीत पाच लिटर टाकलं, चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ केली की पंप लाइन भरून घेतो आणि गाडी बहुधा चालू होते. डिझेल लाइन एअर धरते. मग फिल्टरवरचा हातपंप दाबत बसायचं, नट ढिला करून एअर काढायची, आणि एवढं करून गाडी लगेच उठेलच असं नाही. नव्या कॉमन रेलच्या (एका सामाईक नळीतून जास्त दाबानं डिझेल देणाऱ्या) गाड्यांत हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच असतं. तो कोरडा फिरला तर आत घासतो आणि धातूचा किस इंजेक्टरपर्यंत जातो. आमच्याकडे शेतावर गाडी असते, पंप लांब, म्हणून पाव टाकीच्या खाली काटा जाऊच देत नाही आम्ही.

नागपूरची_लेक

सिन्नरच्या दादा, मनापासून आभार. रेघांचं कारण पहिल्यांदा कळलं. आता दोन गोष्टी विचारते. आमच्या गाडीत दिवा लागतो तेव्हा नेमके किती लिटर उरतात, ते घरी कसं काढायचं? आणि हल्ली अ‍ॅव्हरेज कमी झालंय असं बाबांना वाटतं, त्याचा यात काही संबंध आहे का? शिवाय इतकी काळजी घेऊनही वाटेत बंद पडलीच, तर आईबाबा सोबत असताना मी आधी काय करू?

सिन्नर_गॅरेज

काढायची रीत सोपी आहे. गावात असताना दिवा लागू द्या. लागला की सरळ जवळच्या पंपावर जा आणि नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईल तिथपर्यंतच भरा. त्याला पुढे राउंड फिगर करायला सांगू नका. समजा ३१.५ लिटर बसलं, तर ३७मधून ते वजा करा, ५.५ उरले. टाकीच्या वरच्या भागात आणि गळ्यात पुस्तकातल्या आकड्याहून जास्त जागा असते, म्हणून हा हिशेब तंतोतंत नसतो. ३७च्या टाकीत ३९ लिटर बसलं की लोक पंपवाल्याशी भांडतात, पण दर वेळी ती चोरीच असते असं नाही. दोन-तीन वेळा करून सगळ्यात कमी उरलेला आकडा धरा. त्यातून एक लिटर सोडून द्या, पंपाला शेवटचं पेट्रोल नीट ओढता येत नाही. ५.५चे ४.५ झाले. १५च्या अ‍ॅव्हरेजनं ६७ किलोमीटर. त्याचे निम्मे करा आणि तेवढेच आपले समजा. म्हणजे तीसएक. उरलेले निम्मे वाऱ्यासाठी, चढासाठी आणि बंद असलेल्या पंपासाठी.

बाबांचं निरीक्षण बरोबर असू शकतं. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, म्हणजे ई-२०, मिळतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातच म्हटलंय की मुळात शुद्ध पेट्रोलसाठी बनवून दहा टक्के इथेनॉलला जुळवलेल्या चारचाकींचं अ‍ॅव्हरेज ई-२०वर सहा-सात टक्क्यांनी उतरू शकतं. तुमची गाडी २०१९ची, म्हणजे ई-२०च्या आधीची. चारपाच वर्षांपूर्वी दीरांनी पाठ केलेले साठ किलोमीटर आता साठ राहिलेले नाहीत. दिवा तेवढ्याच लिटरला लागतो, त्या लिटरमधला जोर कमी झालाय.

बंद पडण्याबद्दल. अशी गाडी अचानक मरत नाही. आधी वळणावर किंवा चढावर झटके देते, कारण पेट्रोल एका बाजूला सरकतं आणि पंपाच्या तोंडाशी हवा येते. पहिला झटका बसला की त्याच क्षणी इंडिकेटर देऊन डाव्या कडेला निघा, वेग हाताशी आहे तोवर. चावी बंद करू नका. स्विफ्टचं स्टिअरिंग विजेवर हलकं होतं, चावी चालू असली तर हातात राहतं. ब्रेकची मदत मात्र इंजिनच्या व्हॅक्यूमवर असते. इंजिन बंद झाल्यावर एक-दोन दाबांपुरतीच ती उरते, नंतर पॅडल दगडासारखं होतं. म्हणून ब्रेक सारखा मारायचा नाही. एकदाच, सावकाश, पूर्ण दाबायचा.

गाडी थांबली की हझार्ड लावा आणि आईबाबांना डाव्या दारानं उतरवून गार्ड रेलच्या पलीकडे न्या. हे आधी, बाकी सगळं नंतर. गाडीत बसून मदतीची वाट बघू नये. मागून १२०नं येणाऱ्याला उभी गाडी उशिरा कळते. तिकोन मागे लांब ठेवून या, जाताना-येताना रेलच्या बाहेरून चाला. १०३३ हा राष्ट्रीय महामार्गांचा नंबर आहे, समृद्धी एमएसआरडीसीची (राज्य रस्ते विकास महामंडळाची) आहे. तिचा मदतीचा नंबर कडेच्या फलकांवर असतो, नागपूरहून निघतानाच बाबांना तो फोनमध्ये टाकून ठेवायला सांगा. ११२ आहेच.

पनवेल_सीएनजी

सीएनजीवाल्यांसाठी एक भर. आमची वॅगनआर गॅसवर चालते, म्हणून पेट्रोल कशाला भरायचं, असं बऱ्याच जणांना वाटतं. गाडी सुरू पेट्रोलवर होते आणि मग गॅसवर जाते. बाहेरून बसवलेल्या बऱ्याच किटमध्ये गॅसवर चालतानाही टाकीतला पेट्रोलचा पंप फिरतच असतो. टाकीत दोन लिटर असेल तर तो तापणारच. माझ्या ओळखीतल्या टॅक्सीवाल्यांनी पंप बदललेत ते बहुतेक याच कारणानं. पाव टाकी पेट्रोल ठेवा, आणि आठवड्यातून थोडं पेट्रोलवर चालवा.

द्वारका_सर्कल

गॅरेजवाल्या भाऊंचं पटलं. माझी सत्तर किलोमीटर गाडी नाशिक-पुणे रस्त्यावर, सत्तर-ऐंशीच्या वेगानं गेली होती. समृद्धीसाठी तो आकडा धरू नका ताई.

नागपूरची_लेक

सगळ्यांचे आभार. बाबांनी हा धागा चष्मा लावून पूर्ण वाचला. ठरलंय असं: नागपूरला फुल, आणि मेहकरच्या आसपास जेवायला थांबू तेव्हा काटा कुठेही असला तरी पुन्हा भरायचं. एकच शेवटचं विचारते. पेट्रोलसाठी मध्येच एखाद्या इंटरचेंजला उतरले तर टोल दुप्पट होईल का? आणि नाशिककडे वळल्यावर उतारावर गाडी न्यूट्रल केली तर पेट्रोल वाचतं, हे खरं का?

सिन्नर_गॅरेज

टोल अंतरावर आहे, बाहेर पडताना जेवढं चाललात तेवढाच कापला जातो. कारंजाला उतरलात, पेट्रोल घेतलं, पुन्हा चढलात तर दोन तुकड्यांचे पैसे लागतील, बेरीज जवळपास तीच. त्यामुळे रस्त्यावरच्या पंपावर रांग असली किंवा काटा खाली आला तर बिनधास्त उतरा. इंटरचेंज साधारण वीस-तीस किलोमीटरवर येतात, आणि मघाशी काढलेले तुमचे तीस किलोमीटर त्यासाठीच आहेत.

न्यूट्रल करू नका. इंजेक्शनची गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजेक्टर पेट्रोल सोडणंच थांबवतात, चाकंच इंजिनला फिरवतात. न्यूट्रल केलीत की इंजिन चालू ठेवायला त्याला पेट्रोल द्यावंच लागतं, आणि उतारावर इंजिनचा ब्रेक हातचा जातो तो वेगळाच. दिवा लागला असेल तर डाव्या लेननं ऐंशीवर या, एसी बंद करा, गिअर वरचाच ठेवा.

निघायच्या आदल्या दिवशी टायरची हवाही बघून घ्या. दारावरच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठीचा आकडा असतो, तो धरा. हवा कमी असेल तर अ‍ॅव्हरेज तर जातंच, आणि समृद्धीच्या काँक्रीटवर उन्हाळ्यात टायरही फार तापतो.