वाटी चारदा निखळली, एमआरआयवर १९ मिमी. एवढ्यावर हाड कापायचं?

सांगलीकर_बाप: मुलगी १७ वर्षांची, कबड्डी खेळते. दोन वर्षांत डाव्या गुडघ्याची वाटी चार वेळा बाहेरच्या अंगाला निखळली. एमआरआयच्या रिपोर्टात 'टीटी-टीजी १९ मिमी' आलंय. म्हणजे वाटीखालची कंडरा नडगीच्या ज्या उंचवट्याला चिकटते तो उंचवटा आणि मांडीच्या हाडावरच्या खाचेचा तळ, यांच्यातलं आडवं अंतर. एक सर्जन म्हणाले, २० च्या आत आहे, फक्त वाटीला धरून ठेवणारं आतल्या बाजूचं लिगामेंट नव्याने करू. दुसरे म्हणाले, उंचवट्याचं हाड कापून आत सरकवावंच लागेल. माझं मत स्पष्ट सांगतो: एका मिलिमीटरवरून पोरीचं हाड कापायचं ठरत असेल, तर हे मोजमाप शस्त्रक्रियेचा आधार व्हायच्या लायकीचं नाही.

फिल्म_वाचणारी: मी रेडिओलॉजिस्ट आहे आणि दादा, तुमचा निष्कर्ष मला मान्य नाही. २० मिमीची रेषा फ्रान्समधल्या लियॉंच्या डेजूर आणि सहकाऱ्यांच्या १९९४ च्या अभ्यासातून आली, आणि ती सीटी स्कॅनवरची आहे. त्याच गुडघ्याचा एमआरआय काढला तर आकडा बहुतेकदा २ ते ४ मिमीने कमी भरतो. गुडघा पूर्ण सरळ होताना शेवटच्या काही अंशांत नडगी बाहेर वळते आणि अंतर वाढतं. एमआरआयच्या कॉइलमध्ये, म्हणजे गुडघ्याभोवती बसवतात त्या साच्यात, गुडघा किंचित वाकलेला राहतो, म्हणून ते कमी दिसतं. सीटीची रेषा एमआरआयला लावली ही चूक माणसाची. त्यासाठी मोजमाप टाकून देऊ नका.

मैदानावरचा_फिजिओ: मॅडम, आदर ठेवून सांगतो, मशीनमध्ये पोरगी स्नायू सैल सोडून उताणी पडलेली असते. वाटी निखळते ती पाय रोवून अंग वळवताना. मी आधी तिला बसवून गुडघा सावकाश सरळ करायला सांगेन. शेवटाला वाटी बाहेर उडी मारते का ते बघेन. मग वाटी हाताने बाहेर ढकलताना ती घाबरून माझा हात धरते का ते बघेन. हे कुठल्याच रिपोर्टात येत नाही.

दोनदा_टेबलावर: पेशंट म्हणून लिहिते. माझं पहिलं ऑपरेशन अशाच हातांच्या तपासणीवर झालं, फक्त लिगामेंट केलं. दीड वर्षात जिना उतरताना वाटी पुन्हा गेली. नंतर नीट मोजलं तेव्हा कळलं, खाच जवळजवळ सपाट आहे आणि वाटीही उंच बसलीय. दोर नवा, पण खुंटी चुकीच्या जागी. आधी कुणी मोजलं असतं तर दुसऱ्यांदा भूल घ्यावी लागली नसती. मोजमाप नको म्हणणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

सांगलीकर_बाप: ताई, तुमचं वाचून पोटात गोळा आला. पण मग मला सांगा, खाच सपाट असेल तर तिचा 'तळ' कुठून धरणार? टीटी-टीजी तर तिथूनच मोजतात.

फिल्म_वाचणारी: नेमका प्रश्न विचारलात, आणि इथे तुमची बाजू बरोबर आहे. सपाट खाचेत दोन वाचणारे दोन बिंदू धरतात आणि आकडा हलतो. म्हणून २०१२ मध्ये झाइटलिंगर आणि सहकाऱ्यांनी खाच सोडून पीसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतल्या मागच्या लिगामेंटच्या कडेपासून मोजायची पद्धत मांडली, तिची रेषा २४ मिमी. ती फक्त नडगीवर मोजते, त्यामुळे सांध्यातलं वळण तिला दिसत नाही. म्हणून एका आकड्यावर मी कधी थांबत नाही. खाचेची खोली ३ मिमीपेक्षा कमी आहे का, तिच्या बाहेरच्या भिंतीचा कल ११ अंशांच्या खाली आहे का, वाटीच्या उंचीचा कॅटन-देशां निर्देशांक १.२ च्या वर आहे का, हे सगळं एकत्र बघते. तुमच्या रिपोर्टात यातलं काय आहे?

सांगलीकर_बाप: काहीच नाही. टीटी-टीजी, 'लिगामेंट फाटलेले', बस्स.

मैदानावरचा_फिजिओ: बघा, म्हणूनच म्हणतो. आणखी एक: पाच फुटी पोरीचे १९ आणि सहा फुटी गड्याचे १९ सारखे कसे? मोठ्या गुडघ्यात अंतर मुळातच जास्त असणार. एमआरआय काढूच नका असं मी म्हणत नाही. कूर्चेचा तुकडा सुटून सांध्यात फिरत असेल तर तो तिथेच दिसतो, त्याला माझा हात पुरा पडत नाही. पण हाड कापायचं की नाही हे पेशंटला हात लावल्याशिवाय ठरवू नका.

दोनदा_टेबलावर: आणि हात लावून झाल्यावर मोजल्याशिवायही नको. यावर मी हटणार नाही.

फिल्म_वाचणारी: दादा, वाढीच्या रेषा, म्हणजे हाड जिथून वाढतं ते कूर्चेचे थर, बंद झाल्यात का तेही विचारा. १७ व्या वर्षी मुलींच्या बहुधा झालेल्या असतात, पण खात्री हवी. उघड्या असताना तो उंचवटा कापत नाहीत.

सांगलीकर_बाप: हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. स्कॅनची सीडी घरात आहे. सोमवारी मिरजेला दुसऱ्या रेडिओलॉजिस्टकडे नेतो आणि खाच, वाटीची उंची, वाढीच्या रेषा सगळं लिहून मागतो. १९ वरून हाड कापायला माझा अजून विरोध आहे. पण पाच मोजमापं एकाच दिशेला बोट दाखवत असतील, तर मी पोरीला शेजारी बसवून तिला विचारीन. गुडघा तिचा आहे.